द्वारपाल

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या त्र्याहत्तर प्रकरणांपैकी सहासष्टावे प्रकरण मठाच्या दाराविषयी आहे. दाराशी कोणाला बसवावे, असा तेथे प्रश्न आहे. उत्तर असे की, एखाद्या शहाण्या वृद्धाला बसवावे. त्याला निरोप घेता आणि देता यावा, आणि त्याचे वय असे असावे की तो जागा सोडून भटकत फिरणार नाही. कोणी दार ठोठावले किंवा एखाद्या गरिबाने हाक दिली, की त्याने आधी देवाचे आभार मानावेत व मग लगबगीने, मायेने ओ द्यावी. द्वारपालाची खोली दाराला लागूनच असावी, म्हणजे येणाऱ्याला तिष्ठत राहावे लागणार नाही, एवढी बारीक सूचनाही बेनेडिक्ट करतात. प्रार्थनेच्या घटका, उपवास, निद्रा, शिक्षा अशा थोर विषयांच्या पंक्तीत त्यांनी हा दाराचा विषय बसवला आहे.

पुढच्या शतकांत मात्र दाराची ही प्रतिष्ठा तितकीशी राहिली नाही. ज्यांना लॅटिन येत असे ते प्रार्थनागृहात स्तोत्रे गात, ग्रंथ उतरवून काढत, शिकवत. ज्यांना ती येत नसे ते स्वयंपाकघरात, शेतात, गोठ्यात आणि दाराशी. धर्मबंधूंचा असा एक वेगळा वर्गच निर्माण झाला. त्यात कमीपणा मानू नये असे उपदेशात सांगितले जाई. पण ज्या गोष्टीत कमीपणा नाही, तिच्याविषयी असे वारंवार सांगावे लागत नाही. दार हे उरलेल्यांचे काम झाले. आणि इतिहासाची गंमत अशी की, या उरलेल्यांच्या जागेवरून ख्रिस्तसभेला एकापाठोपाठ एक संत मिळत गेले.

त्यांतले एक मोठे नाव म्हणजे आल्फोन्सस रॉड्रिग्ज. स्पेनमधील सेगोव्हिया शहरात १५३२ साली लोकरीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. संत इग्नेशियस यांचे पहिले सोबती पीटर फेबर एकदा या घरी पाहुणे म्हणून उतरले होते आणि प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी त्यांनीच लहानग्या आल्फोन्ससची तयारी करून घेतली, अशी आठवण आहे. वडील वारले, शिक्षण अर्धवट राहिले, धंदा गळ्यात पडला. लग्न झाले, मुले झाली. मग पत्नी गेली, मुलेही एकामागून एक गेली. व्यापार बुडत चालला होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा माणूस येशूसंघाच्या दारात जाऊन उभा राहिला, तेव्हा तपासणाऱ्यांनी मान हलवली. वय उलटलेले, प्रकृती खंगलेली, विद्या अपुरी. अखेर १५७१ साली त्यांना धर्मबंधू म्हणून आत घेतले गेले. मयोर्का बेटावरील पाल्मा येथे येशूसंघाचे एक महाविद्यालय होते, तेथे त्यांची रवानगी झाली. आणि पुढची अनेक वर्षे त्या महाविद्यालयाचे दार हेच त्यांचे जग झाले. घंटा वाजली की, ‘येतो, प्रभो’ असे म्हणत ते उठत. दाराबाहेर कोण आहे हे दार उघडेपर्यंत ठाऊक नसते. त्यांनी ते आधीच ठरवून टाकले होते.

१६०५ साली या महाविद्यालयात पीटर क्लेव्हर नावाचा एक तरुण विद्यार्थी आला. आपल्या आयुष्याचे काय करावे या विवंचनेत तो होता. वर्गात प्राध्यापक होते, ग्रंथालय होते. पण त्याला उत्तर मिळाले ते दाराशी. अमेरिका खंडात जा, असे वृद्ध द्वारपालाने त्याला पुन:पुन्हा सांगितले. १६१० मध्ये क्लेव्हर आजच्या कोलंबिया देशातील कार्ताहेना बंदरावर उतरले आणि आफ्रिकेतून गुलामांना कोंबून आणणाऱ्या जहाजांच्या तळघरांत पाणी, फळे, औषधे घेऊन जाण्यात त्यांनी सारे आयुष्य वेचले. १५ जानेवारी १८८८ रोजी पोप तेरावे लिओ यांनी आल्फोन्सस रॉड्रिग्ज आणि पीटर क्लेव्हर या दोघांना एकाच दिवशी संतपद बहाल केले. आल्फोन्सस यांनी तोवर दोन शतके अधिक वाट पाहिली होती. त्यांचे निधन १६१७ सालचे.

आल्फोन्सस एकटेच नाहीत. बव्हेरियातील आल्टओटिंग या मरियामातेच्या तीर्थक्षेत्री कोनराड नावाचे एक कपुचिन बंधू एकेचाळीस वर्षे दाराशी होते. १८९४ मध्ये ते वारले व १९३४ मध्ये संत म्हणून घोषित झाले. कॅनडातील माँट्रियालच्या आंद्रे बेसेत यांची कथा आपल्याकडे थोडीफार ठाऊक आहे. १८४५ साली क्विबेक प्रांतातल्या एका खेड्यात ते जन्मले. बारा वर्षांचे होईपर्यंत आईवडील दोघेही गेले. पोटाचे दुखणे जन्माचे सोबती. लिहिता-वाचता जेमतेम येई. होली क्रॉस संघाने त्यांना घ्यावे की नको यावर बराच खल केला आणि घेतल्यावर एका शाळेच्या दाराशी नेमले. मी संघात आलो तेव्हा मला दार दाखवण्यात आले आणि मी चाळीस वर्षे तेथेच राहिलो, असा विनोद ते स्वतःवर करीत. (दार दाखवणे याचा दुहेरी अर्थ फ्रेंचमध्येही तोच आहे, हे वाचून मला मौज वाटली.) शाळेसमोरच्या टेकडीवर संत योसेफाचे जे लहानसे प्रार्थनामंदिर १९०४ मध्ये त्यांच्या ध्यासातून उभे राहिले, त्याच जागी आज जगातील एक भव्य मंदिर आहे. ६ जानेवारी १९३७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक त्यांच्या अंत्यदर्शनाला लोटले. २०१० साली ते संत झाले.

या सर्वांत ज्यांच्यापाशी मला अधिक थांबावेसे वाटते ते फादर सोलॅनस केसी. त्याला कारण आहे. आल्फोन्सस, कोनराड, आंद्रे हे धर्मबंधू होते. दाराशी धर्मबंधू असणे ही रीतच होती. सोलॅनस केसी धर्मगुरू होते. हाताला अभ्यंग झालेले, मिस्साबलिदान अर्पण करणारे धर्मगुरू. आणि तरीही त्यांना दाराशी बसवण्यात आले.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी ओक ग्रोव्ह नावाचे गाव आहे. तेथे २५ नोव्हेंबर १८७० रोजी एका आयरिश स्थलांतरित शेतकऱ्याच्या घरी बर्नार्डचा जन्म झाला. सोळा भावंडांतला तो सहावा. घरात त्याला बार्नी म्हणत. संध्याकाळी जपमाळ, रविवारी मिस्सा. वसईच्या जुन्या वाड्यांतील मोठ्या कुटुंबांची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे घर परके वाटणार नाही. १८७८ मध्ये घटसर्पाची साथ आली. त्या काळी त्यावर लस नव्हती, औषध नव्हते. बार्नीच्या दोन बहिणी काही दिवसांच्या अंतराने दगावल्या. बार्नी वाचला, पण त्याच्या घशावर आजाराने कायमची खूण ठेवली. त्याचा आवाज त्यानंतर क्षीण, घोगरा, चिरका असाच राहिला. पुढे जो माणूस बोलण्याच्या धंद्यात पडणार होता, त्याचा आवाज वयाच्या आठव्या वर्षीच गेला होता.

पिके बुडाली तसा तो कामाला बाहेर पडला. नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणे, विटांच्या भट्टीवर राबणे, स्टिलवॉटरच्या तुरुंगात पहारेकऱ्याचे काम. या तुरुंगात त्या काळचे प्रसिद्ध दरोडेखोर यंगर बंधू शिक्षा भोगत होते. त्यांच्यापैकी कोल यंगरने या तरुण पहारेकऱ्याला एक लाकडी पेटी भेट दिली, असे सांगतात. कैद्याने पहारेकऱ्याला भेट द्यावी, यातच त्या पहारेकऱ्याचे वर्णन आले. पुढे विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आल्या आणि बार्नी ट्रामचालक झाला. १८९१ च्या शरद ऋतूत सुपिरियर शहरात एके दिवशी गाडी वळणावर येताच त्याला रुळांवर घोळका दिसला. एक मद्यधुंद खलाशी हातात सुरा घेऊन एका स्त्रीच्या देहावर उभा होता. बार्नीने गाडी थांबवली. ते दृश्य त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या स्त्रीसाठी आणि त्या खलाशासाठीही तो प्रार्थना करीत राहिला, आणि काही दिवसांतच त्याने धर्मगुरू होण्याचा निर्णय घेतला.

एकविसाव्या वर्षी तो मिलवॉकीच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स सेमिनरीत दाखल झाला. वर्गातली मुले त्याच्याहून कितीतरी लहान. आणि येथे इतिहासाचा एक पदर उलगडून पाहिला पाहिजे, कारण त्याशिवाय पुढच्या गोष्टीचा न्यायनिवाडा होणार नाही. त्या काळी विस्कॉन्सिनमध्ये जर्मन स्थलांतरितांचे वर्चस्व होते. मिलवॉकीचे महागुरुस्वामी जर्मन भाषिक परंपरेतले, सेमिनरीतले शिक्षक जर्मन भाषिक, पाठ्यपुस्तके लॅटिन आणि ती समजावून सांगायची भाषा जर्मन. आयरिश शेतकऱ्याच्या या मुलाला दोन्ही भाषा अनोळखी. म्हणजे एका परक्या भाषेतले तत्त्वज्ञान त्याने दुसऱ्या परक्या भाषेतून शिकायचे होते. गुण घसरत गेले. काही वर्षांनी वरिष्ठांनी त्याला सांगितले की, धर्मप्रांतीय धर्मगुरू होणे तुला जमणार नाही. एखाद्या संन्यस्त संघात प्रयत्न करून पाहा.

तो घरी परतला. आई, बहीण आणि तो, तिघांनी मिळून नोव्हेना केली. ८ डिसेंबर १८९६ रोजी, निष्कलंक मरियेच्या सणादिवशी, ‘डेट्रॉइटला जा’ असा संदेश आपल्याला अंतर्यामी मिळाला असे त्याने पुढे सांगितले आहे. डेट्रॉइट म्हणजे कपुचिन संघ. नाताळच्या आदल्या रात्री, बर्फ तुडवत, तो तेथील सेंट बोनाव्हेंचर मठात पोहोचला. जानेवारी १८९७ मध्ये त्याला संघाचा झगा मिळाला व सोलॅनस हे नाव मिळाले. संत फ्रान्सिस सोलॅनस हे दक्षिण अमेरिकेत व्हायोलिन वाजवत सुवार्ता सांगणारे स्पॅनिश मिशनरी होते. व्हायोलिनचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. त्याच्याकडे परत यायचे आहे.

कपुचिन संघही जर्मन भाषिकच निघाला. पुन्हा तेच वर्ग, तीच भाषा, तेच गुण. १९०१ मध्ये वरिष्ठांनी त्यांच्याकडून एक निवेदन लिहून घेतले. आपण गुरुदीक्षेचा हट्ट धरणार नाही, आपल्या कुवतीविषयी शंका असल्यास वरिष्ठ ठरवतील ते मान्य करू, असा त्याचा आशय होता. त्यांनी सही केली. २४ जुलै १९०४ रोजी महागुरुस्वामी सेबास्तियन मेस्मर यांनी त्यांना गुरुदीक्षा दिली खरी, पण एका अटीवर. जुन्या कायद्याच्या परिभाषेत ज्याला साधा धर्मगुरू म्हणत, तसे ते राहणार होते. त्यांनी मिस्सा अर्पण करावी; परंतु पापनिवेदने ऐकू नयेत आणि धर्मसिद्धान्तावर जाहीर प्रवचने करू नयेत.

या अटीचे वजन सामान्य वाचकाच्या चटकन लक्षात येणार नाही. त्या काळच्या धर्मगुरूचा दिवस कसा जाई? वेदी, व्यासपीठ आणि पापनिवेदनाची खुर्ची. या तिहींपैकी दोन जागा त्यांच्यासाठी बंद झाल्या. शनिवारी संध्याकाळी सहकारी धर्मगुरू पापनिवेदनासाठी चर्चमध्ये जात, तेव्हा हे मठात बसून राहत. कोणी विश्वासाने जवळ येऊन म्हणे, ‘फादर, मला पापनिवेदन करायचे आहे,’ त्याला ते दुसऱ्या धर्मगुरूकडे घेऊन जात. असे एकदा नव्हे, आयुष्यभर, त्रेपन्न वर्षे. नंतर परवानगी देता आली असती. ती दिली गेली नाही आणि त्यांनी ती मागितल्याचेही दिसत नाही.

हा निर्णय योग्य होता का? संतचरित्रे लिहिणारे बहुतेक जण या प्रश्नाला वळसा घालून जातात आणि देवाची योजना अशीच होती म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. वरिष्ठांची बाजू आहे. पापनिवेदन ऐकणाऱ्याच्या एका चुकीच्या शब्दाने एखाद्या जीवाचे नुकसान होऊ शकते. तेथे ज्ञानाची परीक्षा कडक असायलाच हवी. पण त्यांनी जे मोजले ते ज्ञान नव्हते. त्यांनी जर्मन भाषा मोजली. माणसाच्या अंतःकरणात काय चालले आहे हे ओळखण्याची जी शक्ती या माणसात होती, ती मोजण्याचे साधन त्यांच्या प्रश्नपत्रिकेत नव्हते. आमच्या पिढीने सेमिनरीत लॅटिन फारशी पाहिली नाही, पण धर्मशास्त्र इंग्रजीतून शिकताना मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले कशी मुकी होऊन बसत, हे आम्ही पाहिले आहे. सोलॅनस केसी पुढे मोठे झाले म्हणून तो निर्णय मागाहून बरोबर ठरत नाही. त्यांचे मोठेपण हे त्यांचे आणि देवाचे. त्याचे श्रेय परीक्षकांना देण्याचे कारण नाही.

येथे आपल्या मातीतले एक उदाहरण सहज आठवते. वसईचे संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानमध्ये येशूसंघीयांच्या हाताखाली सेवा करीत होते. त्यांना त्या संघात प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही. काही काळ व्यापार केल्यावर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले. जपानी भाषेवर त्यांचे असे प्रभुत्व होते की, फादर पीटर बॅप्टिस्ट यांच्याबरोबर दुभाषी म्हणून तेच जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. एकाला भाषा येत होती, एकाला येत नव्हती. पहिल्या दारावर नकार दोघांनाही मिळाला.

३१ जुलै १९०४ रोजी ॲपल्टन येथे फादर सोलॅनस यांनी आपली पहिली मिस्सा अर्पण केली. कित्येक वर्षांनी आईची भेट झाली. त्यानंतर ते न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथील सेक्रेड हार्ट धर्मग्रामात रुजू झाले. आता प्रमुख धर्मगुरूंपुढे प्रश्न पडला की या धर्मगुरूला काम काय द्यायचे? वेदीची वस्त्रे, मेणबत्त्या, फुले यांची व्यवस्था त्यांच्याकडे आली. वेदीसेवक मुलांची जबाबदारी आली. आणि नंतर मठाचे दार आले. पहिल्या दोन कामांत त्यांची विशेष चमक दिसली नाही असे म्हणतात. दाराशी मात्र माणूस आणि जागा यांचा सांधा जुळला.

याँकर्समध्ये चौदा वर्षे, मग न्यूयॉर्क शहरातील दोन मठ, आणि १९२४ पासून एकवीस वर्षे डेट्रॉइट. त्याच सेंट बोनाव्हेंचर मठाचे दार, ज्यात ते नाताळच्या आदल्या रात्री बर्फातून शिरले होते. या दाराच्या आत एक साधे मेज होते. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत लोकांची रीघ लागे. आजारी मुले घेऊन आलेल्या आया, दारूने संसार मोडलेले नवरे, नोकरी गेलेले कामगार, कॅथलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी, काहीही न मानणारे. फादर सोलॅनस प्रत्येकाचे ऐकून घेत. घाई करीत नसत. रांगेत पन्नास माणसे उभी असली तरी समोरचा माणूस हाच जणू त्या दिवसाचा एकमेव पाहुणा. यामुळे मागे थांबलेले कधी कधी कुरकुरत, आणि ते स्वाभाविक होते. ज्यांना पापनिवेदने ऐकण्याची मुभा नव्हती, त्यांच्यापुढे लोक आपले सारे आयुष्य उघडे करीत होते. फक्त पापमोचनाचे शब्द उच्चारायला त्यांना शेजारच्या चर्चमध्ये पाठवावे लागे.

येणाऱ्याला ते काय सांगत? त्यात विद्वत्ता नव्हती. दोन गोष्टी मात्र ठरलेल्या. एक, देवाचे आभार आधीच माना, मागितलेले मिळण्यापूर्वीच. दुसरी, तुम्हीही काहीतरी करा: मिस्सेला जा, कोणाला क्षमा करायची असेल तर ती करा, मिशनकार्यासाठी चार पैसे द्या. तुमच्यासाठी मी प्रार्थना करतो, तुम्ही स्वस्थ बसा, असे ते म्हणत नसत. लोक बरे होऊ लागले, निदान लोक तसे सांगू लागले. १९२३ मध्ये प्रांताधिकाऱ्यांनी त्यांना या गोष्टी लिहून ठेवण्यास सांगितले आणि त्यांनी वह्या घातल्या. हजारो विनंत्या त्यांत आहेत: नाव, आजार, तारीख, आणि कित्येक ठिकाणी मागाहून जोडलेली एखादी ओळ की अमुक बरा झाला, तमक्याला काम मिळाले. कोठे आपल्याकडे श्रेय घेणारा शब्द नाही. कोणी आभार मानायला आले की ते बोट वेदीकडे दाखवत. बरे न झालेलेही होतेच. त्यांच्यापैकी काहींना त्यांनी तुमचे मूल देवाकडे जाणार आहे असे सरळ, हळुवारपणे सांगितल्याच्या आठवणी आहेत. आणि ती माणसेही त्या मेजापासून शांत होऊन उठत, असे साक्षीदारांनी नोंदवले आहे. चमत्कारांच्या गर्दीत मला ही नोंद अधिक मोलाची वाटते.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. मोटारी खपेनाशा झाल्या तशी कारखान्यांची दारे बंद झाली आणि मठाच्या दारावरची गर्दी वाढली. दाराशी येणाऱ्या भुकेल्याला पाव व कॉफी देण्याची पद्धत मठात आधीपासून होती. आता तेवढ्याने भागेना. २ नोव्हेंबर १९२९ रोजी, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, शेजारच्या सभागृहात रीतसर अन्नछत्र सुरू झाले. मंदीच्या भरात दिवसाला दीड हजारांपासून तीन हजारांपर्यंत माणसे तेथे जेवत. फादर सोलॅनस शेतकऱ्यांकडून भाजीपाला, बेकऱ्यांकडून पाव मागून आणत, कधी स्वतः वाढायला उभे राहत. एकदा पाव संपले आणि दोन-तीनशे माणसे अजून रांगेत होती. त्यांनी सर्वांना ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायला सांगितले आणि प्रार्थना संपते न संपते तोच पावाने भरलेली गाडी दारात आली, ही गोष्ट त्या वेळी तेथे असलेल्यांनी सांगितली आहे. चमत्कार म्हणायचा की बेकरीवाल्याचे सौजन्य, हे वाचकाने ठरवावे. मला त्यांत विरोध दिसत नाही.

आता व्हायोलिन. ज्या संताचे नाव मिळाले तो उत्तम वादक होता. फादर सोलॅनस यांचे वादन मात्र सर्वांच्या मते भयंकर होते. घोगऱ्या आवाजाला बेसूर तारांची साथ. मठातील मनोरंजनाच्या वेळी त्यांनी व्हायोलिन काढले की बंधू एकमेकांकडे पाहत. एकदा कोणीतरी रेडिओचा आवाज हळूच वाढवला, तेव्हा काही न बोलता ते वाद्य घेऊन चॅपेलमध्ये गेले आणि पवित्र साक्रामेंतापुढे बसून वाजवू लागले, अशी गोष्ट संघात सांगतात. ते रागावले नव्हते. श्रोता बदलला इतकेच. हॉट डॉग आणि कांदा त्यांना आवडे. पंच्याहत्तरी उलटल्यावरही ते नवशिष्यांबरोबर व्हॉलीबॉल खेळत, आणि मठाच्या मधमाश्या शांत व्हाव्यात म्हणून त्यांच्यापुढे माउथ ऑर्गन वाजवीत. मधमाश्यांची तक्रार नव्हती.

हे बारीकसारीक तपशील मी गंमत म्हणून दिलेले नाहीत. नाकारलेला माणूस सेवा करू शकतो, हे आपण मान्य करतो. त्याला आनंद होऊ शकतो, हे मान्य करताना आपण अडखळतो. तो मन मारून राहिला असेल, आतल्या आत कुढला असेल, असे आपल्याला वाटते. सोलॅनस यांना दुःख झाले नसेल असे मी म्हणणार नाही. त्यांचे दोन सख्खे भाऊ धर्मगुरू झाले आणि त्यांना सर्व अधिकार मिळाले. घरातच तुलना हजर होती. पण मन मारून राहिलेला माणूस बेसूर व्हायोलिन वाजवत नाही. तो जपून राहतो, जे जमते तेवढेच लोकांसमोर करतो, आपले हसे होऊ देत नाही. ज्याला आपल्या उणेपणाची लाज वाटेनाशी झाली आहे, तोच असा मोकळा असतो. आपल्या धर्मग्रामांत मुलगा सेमिनरीतून परत आला, मुलगी मठातून परत आली की घरची माणसे लग्नकार्याला जाणे टाळतात, काय सांगायचे म्हणून. दहावीला कमी गुण मिळालेल्या मुलाच्या बाबतीतही तेच. अशा घरांत भेट द्यायला जाताना मला या व्हायोलिनची आठवण होते, आणि ती गोष्ट मी तेथे सांगतोही. एका घरातल्या बापाने ती ऐकून विचारले होते, “फादर, पण मग त्याच्या वरिष्ठांनी शेवटी त्याला परवानगी दिली ना?” नाही दिली, असे मी सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने आत हाक मारून मुलाला चहाला बोलावले.

१९४५ मध्ये वरिष्ठांनी त्यांना ब्रुकलिनला हलवले व १९४६ मध्ये इंडियाना राज्यातील हंटिंग्टनच्या शांत मठात. वय झाले होते, गर्दीने थकवले होते, विश्रांती मिळावी हा हेतू. पण पत्रे आणि माणसे तेथेही पोहोचली. डेट्रॉइटहून बसगाड्या भरून लोक येऊ लागले. त्वचेचा विकार बळावला, पाय सुजून सोलवटून निघत, तेव्हा १९५६ मध्ये उपचारांसाठी त्यांना पुन्हा डेट्रॉइटला आणले. ३१ जुलै १९५७ रोजी सकाळी अकराच्या सुमारास तेथील रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. आपला आत्मा येशू ख्रिस्ताला अर्पण करतो, असे त्यांचे अखेरचे शब्द होते. पहिल्या मिस्सेला त्या दिवशी त्रेपन्न वर्षे पूर्ण होत होती. अंत्यदर्शनाला हजारोंची रांग लागली.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ जुलै १९९५ रोजी त्यांना पूजनीय म्हणून घोषित केले. जन्माने अमेरिकन असलेल्या पुरुषांत हा मान मिळालेले ते पहिलेच. पुढे २०१२ मध्ये पनामा देशातील एक बाई डेट्रॉइटला आल्या होत्या. त्यांना जन्मजात त्वचारोग होता. फादर सोलॅनस यांच्या कबरीपाशी त्यांनी आपल्या ओळखीच्या इतरांसाठी प्रार्थना केली. मग स्वतःसाठी काही मागावे असे त्यांना आतून वाटले, आणि त्या बऱ्या झाल्या. तोच चमत्कार ख्रिस्तसभेने तपासून स्वीकारला. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड या फुटबॉलच्या मैदानावर साठ हजारांहून अधिक भाविकांच्या उपस्थितीत कार्डिनल आंजेलो आमातो यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. संतपदाची घोषणा व्हायची आहे.

मठाशेजारचे अन्नछत्र १९२९ नंतर बंद पडलेले नाही. कपुचिन बंधू ते अजून चालवतात. माउंट एलियट रस्त्यावरील त्या जुन्या मठात फादर सोलॅनस यांची कबर आहे. येणारे लोक कागदाच्या चिठ्ठ्यांवर आपली मागणी लिहितात आणि तिच्यावर ठेवून जातात. कोणाच्या आईचे ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाचा मोडत आलेला संसार. त्यांच्या वह्यांत जे लिहिलेले आहे, जवळपास तेच.